काळ्या डागांमागचा वारसा

डॉ. आर्चिबाल्ड गॅरॉड यांचा जन्म १८५७चा, लंडनचा. वडीलही नामांकित डॉक्टर. गाउटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलेले असते, हे त्यांनीच दाखवले. मुलाला लघवीच्या रंगांनी झपाटले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याकडे एक तान्हे बाळ आले. त्याची लघवी काळसर होई, लंगोट डागाळत. हा अल्काप्टोन्युरिया. आतड्यातल्या जंतूंमुळे तो होतो, असा तेव्हा समज होता. गॅरॉड यांना शंका आली, कारण अशा मुलांचे आईवडील पुष्कळदा चुलत-मामे भावंडे निघत. १९०१ मध्ये त्या बाळाला भाऊ झाला. त्याच्या लंगोटांवर जन्मापासून नजर ठेवली गेली. तिसऱ्या दिवशी गडद डाग दिसले. दोष जन्मजातच होता. विल्यम बेटसन यांनी मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम त्याला लावून दाखवले. १९०२ मध्ये गॅरॉड यांनी निबंध लिहिला: चेहऱ्यांप्रमाणे प्रत्येकाच्या शरीराचे रसायनही थोडे वेगळे असते.

त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पहिल्या महायुद्धात दोन मुलगे गेले, तिसरा १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झाने. तरी गॅरॉड काम करत राहिले. १९३६ मध्ये ते वारले. पुढे १९५८चे नोबेल मिळवणाऱ्या जॉर्ज बीडल यांनी जनुक आणि एन्झाइमचा संबंध सांगण्याचे श्रेय गॅरॉड यांना दिले.

त्यांचा विचार आज स्थूलतेच्या रुग्णांना लागू पडतो. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांना नात्यातल्या विवाहांच्या एका कुटुंबात दोन अतिस्थूल मुले आढळली. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारे लेप्टिन त्यांच्या शरीरात जवळजवळ नव्हते. त्यांच्यापैकी मुलीला लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर भूक आणि वजन दोन्ही उतरले. असे एका जनुकाचे दोष विरळाच. बहुतेकांत अनेक जनुके थोडाथोडा हातभार लावतात. त्यातले एफटीओ २००७ मध्ये सापडले. त्याचा वजन वाढवणारा प्रकार आई आणि वडील दोघांकडून आलेल्यांचे वजन सरासरी ३ किलो जास्त भरते.

म्हणून आहार-व्यायाम सोडायचा नाही. जनुके कल ठरवतात, निकाल नव्हे. पण सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रोज दिसते, की जाड माणूस तपासणीआधीच मान खाली घालून बसतो. घरच्यांनी त्याला खादाड ठरवलेले असते. मूल अगदी लहानपणापासून सतत भुकेले असेल आणि वजन झपाट्याने वाढत असेल, तर रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा.