लॉरेन्स स्पेरी : हात सोडून विमान चालवणारा

१८ जून १९१४. पॅरिसजवळ बेझाँ येथे सीन नदीच्या काठावर लोकांची गर्दी झाली होती. त्या दिवशी विमानांच्या सुरक्षिततेची स्पर्धा होती. तेव्हाचे विमान म्हणजे लाकूड, कापड आणि ताणलेल्या तारा. वाऱ्याचा झोत आला की वैमानिकाने तत्काळ तोल सावरायचा, नाही सावरला तर खेळ संपला. त्यामुळे विमान अधिक सुरक्षित करून दाखवणाऱ्यास मोठे बक्षीस होते. पन्नासहून अधिक स्पर्धक उतरले होते. त्यांत अमेरिकेहून आलेला एकवीस वर्षांचा लॉरेन्स स्पेरी होता, आणि त्याच्याबरोबर एमिल काशाँ नावाचा फ्रेंच मेकॅनिक.

त्यांचे कर्टिस बनावटीचे, पाण्यावर उतरणारे विमान परीक्षकांसमोरून पहिल्यांदा गेले तेव्हा लॉरेन्सने दोन्ही हात वर केले होते. दुसऱ्या फेरीत काशाँ आपली जागा सोडून पंखावर चालत गेला. एका बाजूला माणसाचे वजन पडले की विमान कलणारच. ते किंचित कलले आणि आपोआप सरळ झाले. तिसऱ्या फेरीत लॉरेन्सही उठला आणि दुसऱ्या पंखावर गेला. दोन पंखांवर दोन माणसे, मधली चालकाची जागा रिकामी, आणि विमान सरळ चालले आहे! पन्नास हजार फ्रँकचे बक्षीस त्याला मिळाले.

आपल्याकडे विमानाची गोष्ट निघाली की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव हमखास निघते. त्यांच्या प्रयोगाविषयी जाणकारांत मतभेद आहेत, त्या वादात मी शिरत नाही. स्पेरीचा प्रयोग मात्र भर दुपारच्या उजेडात, परीक्षकांसमोर झाला आणि त्याची छायाचित्रेही आहेत. शिवाय आज आपल्या मंडळातली मुले ज्या ड्रोनमागे धावतात, त्या ड्रोनच्या पोटातल्या यंत्राचा हा मूळपुरुष.

लॉरेन्सचा जन्म २१ डिसेंबर १८९२ रोजी शिकागो येथे झाला. वडील एल्मर स्पेरी हे मोठे संशोधक. लोखंडी युद्धनौकेवर चुंबकाचे होकायंत्र गोंधळते, म्हणून त्यांनी फिरत्या चक्राचे होकायंत्र बनवले. १९१० मध्ये ब्रुकलिनला त्यांनी स्वतःची कंपनी काढली. मुलाचा ओढा शाळेपेक्षा सायकली दुरुस्त करण्याकडे. आईवडील परगावी गेले असताना या पठ्ठ्याने राहत्या घरातच विमान बांधायला घेतले. बांधून झाल्यावर ते दारातून बाहेर निघेना! शेवटी खिडकीचा भाग फोडून ते बाहेर काढावे लागले. आईवडील परत आल्यावर घरात काय झाले असेल, याची कल्पना घरात अशी मुले असलेल्यांना सहज येईल. पण वडिलांनी विमान मोडून टाकले नाही. आधी ते मोटारीला बांधून ओढत उडवले गेले, मग त्याला इंजिन बसले. पुढे वडिलांनीच आपले यंत्र विमानावर बसवण्याचे काम या मुलाकडे दिले. ग्लेन कर्टिस यांच्या हॅमंड्सपोर्ट येथील कारखान्यात त्याने त्यावर मेहनत घेतली.

ते यंत्र कसे चालते हे थोडे समजून घेऊ. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला, त्यामुळे हा भाग मला सोडवत नाही. जाळी गुंडाळून भोवरा आपण सगळ्यांनीच फिरवला आहे. वेगात फिरणारा भोवरा आपली आस सोडायला तयार नसतो. तोच भोवरा मोकळ्या फिरणाऱ्या कड्यांच्या चौकटीत बसवला की त्याला जायरोस्कोप म्हणतात. चौकट कशीही वाकडी करा, आतली आस जागची हलत नाही.

जहाज डोलू नये म्हणून एल्मर स्पेरी टनांच्या हिशेबात वजनदार चक्रे बसवत असत. तिथे चक्र स्वतःच्या जोरावर जहाज आवरत असे. विमानाला एवढे वजन कसे पेलणार? म्हणून इथे भोवऱ्याकडून जोराचे काम काढून घेतले आणि त्याला नुसते सांगण्याचे काम दिले. विमान कलले, भोवरा कलला नाही. या दोघांतला फरक म्हणजेच तोल किती बिघडला त्याचे माप. ते माप पंखांच्या कडेला असलेल्या एलेरॉनकडे आणि शेपटीच्या एलेव्हेटरकडे पोचवायचे आणि बिघाडाच्या उलट दिशेला तेवढेच वळवायचे. असे चार जायरोस्कोप असलेल्या लॉरेन्सच्या पेटीचे वजन सुमारे १८ किलो होते. या साऱ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती वजन घटवण्याची युक्ती. जोर लावणारा वेगळा आणि जाणणारा वेगळा, ही वाटणी एकदा झाल्यावर जाणणाऱ्याला कितीही लहान करता येते.

बेझाँच्या त्या दिवसानंतर दहाच दिवसांनी साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली आणि पाहता पाहता महायुद्ध पेटले. वैमानिकाचा जीव वाचावा म्हणून बनवलेले यंत्र आता दुसऱ्याच कामाला लागले. चालकाची जागा रिकामी राहू शकते हे जगाने पाहिले होते. मग तिथे माणसाऐवजी स्फोटके का ठेवू नयेत? अमेरिकेच्या नौदलाच्या पैशाने पीटर कूपर हेविट आणि एल्मर स्पेरी यांनी स्वतः उडून जाणारा बॉम्ब करायला घेतला. चाचणीची उड्डाणे लॉरेन्स करत असे, आणि त्यांत त्याचे अपघातही झाले. ६ मार्च १९१८ रोजी लाँग आयलंडवर एक चालकरहित विमान सुटले, सुमारे हजार यार्ड सरळ गेले आणि ठरवल्याप्रमाणे खाली आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असेच एक विमान सुटले ते ठरलेल्या जागी उतरलेच नाही, दिसेनासे होईपर्यंत तसेच पुढे उडत गेले. तोल सांभाळणे जमले होते, आपण कुठे आहोत हे मात्र त्या यंत्राला कळत नव्हते. युद्ध संपले म्हणून ते शस्त्र वापरात आले नाही. पण आजच्या बातम्यांत जे ड्रोन शहरांवर कोसळतात, त्यांची वंशावळही इथेच पोचते. लॉरेन्सचे चरित्र सांगताना हे पान गाळणे बरोबर नाही.

वडिलांच्या सावलीत राहणे त्याला मानवेना. त्याने लाँग आयलंडवर स्वतःची विमान कंपनी काढली. १९१८ मध्ये विनिफ्रेड ॲलन या चित्रपट अभिनेत्रीशी त्याचा विवाह झाला. त्याच्या कारखान्यात मेसेंजर नावाचे छोटे विमान बनू लागले. त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम २० फूट. (साधारण त्याच काळात, १९२१ मध्ये, ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक आपल्या देवासला थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी सचिव होता. आपल्याकडे संस्थानी दरबार भरत होते तेव्हा तिकडे काय चालले होते, याचा अंदाज यावा म्हणून सांगितले.) १९२२ मध्ये हे विमान त्याने वॉशिंग्टनला संसद भवनाच्या पायऱ्यांसमोर उतरवले. असा धाडसी आणि थोडा नाटकी स्वभाव!

डिसेंबर १९२३ मध्ये तो मेसेंजर घेऊन इंग्लंडहून एकटाच निघाला. इंग्लिश खाडी ओलांडायची होती, हवा धुक्याची होती. तो पलीकडे पोचलाच नाही. विमान समुद्रात मिळाले, लॉरेन्सचे शव जानेवारीत सापडले. एकतिसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. एल्मर स्पेरी पुढे साडेसहा वर्षे जगले. ज्या बापाने मुलाच्या हाती ते यंत्र दिले, त्याने ही वर्षे कशी काढली असतील, हे मला पुन्हा पुन्हा मनात येते.

यंत्र मात्र थांबले नाही. जुलै १९३३ मध्ये वायली पोस्ट या वैमानिकाने एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत. एकटा माणूस आठवडाभर सुकाणूवर कसा बसणार? त्याच्या जोडीला स्पेरींचा ऑटोपायलट होता.

आपल्या मध्य प्रदेशात स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली. शासकीय कामानिमित्त धार जिल्ह्यातल्या एका गावी मी ती पाहिली. पटवारी, सरपंच आणि अर्धे गाव माना वर करून उभे होते. ड्रोन आखल्या रेषेत जात होता आणि चालवणारा तरुण नुसता पडद्याकडे बघत उभा होता. चार जायरोस्कोपची ती पेटी आता नखाएवढ्या चिपमध्ये मावते. फिरता भोवरा जाऊन सिलिकॉनची थरथरणारी सूक्ष्म पट्टी आली, एवढाच फरक. लॉरेन्सच्या यंत्राला जे कळत नव्हते ते, म्हणजे आपण कुठे आहोत हे, उपग्रहांकडून येणारा जीपीएस सांगतो.

ही चिप असलेला छोटा बोर्ड आज दोन-तीनशे रुपयांत मिळतो. थर्माकोलचे विमान, छोटी मोटर, बॅटरी, रिमोट, दोन-तीन सर्वो आणि एक आर्डुइनो, एवढ्यावर हौशी मुले तोल सांभाळणारा ऑटोपायलट घरी बनवतात. आर्डुपायलट नावाचा तयार प्रोग्रॅम तर फुकट आहे. २००७ मध्ये अमेरिकेतले संपादक क्रिस अँडरसन यांनी मुलांच्या लेगो खेळण्यातून ऑटोपायलट बनवला आणि त्या छंदातूनच पुढे तो उभा राहिला.

आपल्या मुलांपैकी कोणी हे करणार असेल तर एक तपासणी जमिनीवरच करावी. पंखा काढून ठेवायचा, यंत्र चालू करायचे आणि विमान हातात धरून उजवीकडे कलवायचे. उजवा एलेरॉन खाली आणि डावा वर गेला पाहिजे. नाक खाली केले तर मागचा एलेव्हेटर वर गेला पाहिजे. उलटे होत असेल तर यंत्र तोल सावरण्याऐवजी विमान पाडेल, तेव्हा सर्वोची दिशा बदलून पुन्हा पाहायचे. मग मोकळ्या माळावर, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, नियम पाहून उडवायचे. विसर्जनाच्या मिरवणुकीवर किंवा टेकडीवरच्या गर्दीवर मुळीच नाही. पहिल्या उड्डाणात ऑटोपायलट बंद ठेवावा, विमान उंच गेल्यावर चालू करावा आणि बोट रिमोटवरच असू द्यावे.