दानात आलेली माती

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे डोंगरांच्या कुशीतले लहानसे गाव. पावसाळ्यात तिन्ही बाजूंनी ओहोळ धावतात, खाचरांत पाणी साचते आणि उतारावरची झाडी इतकी दाट होते की पायवाटही दिसेनाशी होते. या गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागला. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ते रायगड झाले १९८१ साली, विनोबांच्या निधनाच्या अवघ्या एक वर्ष आधी.

ज्या माणसाने देशभर पायी फिरून लाखो एकर जमीन मागितली, त्याच्या जन्मगावची जमीन कशी आहे, हे पाहण्याची तसदी चरित्रकारांनी फारशी घेतलेली नाही. सह्याद्रीचा हा सारा परिसर ज्वालामुखीची देणगी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून लाव्हा वाहत आला आणि थरावर थर देत निवाला. जावा बेटावर किंवा जपानात ज्वालामुखीची राख आणि पाय घासायच्या वज्रीसारखा सच्छिद्र प्युमिस दगड यांपासून भुसभुशीत, सुपीक माती झाली आणि तिच्यावर डोंगरउतारांच्या भातपायऱ्या उभ्या राहिल्या. दख्खनमध्ये स्फोट आणि राख यांचा वाटा थोडा होता. येथे आला तो मुख्यतः शांतपणे पसरणारा काळा पाषाण, बेसाल्ट. त्याच्या थरांची झीज कमी-अधिक झाल्याने डोंगरांना पायऱ्या पडल्या. या खडकाला भूशास्त्रात मिळालेले ट्रॅप हे नावही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आले आहे.

या पायऱ्यांवरची माती मात्र कोकणच्या पावसाने घडवली. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस जेथे कोसळतो, तेथे खडकातील चुना, पोटॅश अशी द्रव्ये धुपून जातात आणि लोहाचा अंश मागे राहतो. म्हणून उतारावरची माती तांबूस, मुरमाड आणि उथळ. खालच्या खाचरांत भात होतो. वरच्या वरकस जमिनीत नाचणी नि वरी घ्यायची आणि मग काही वर्षे जमीन तशीच सोडून द्यायची, ही जुनी रीत. ज्वालामुखीची राख नशिबी नसलेला येथील शेतकरी आपली राख आपणच करतो. पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून तो राब भाजतो आणि त्यावर भाताचे रोप टाकतो. डोंगरातील ठाकूर आणि कातकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या असेच हलक्या जमिनीतून धान्य काढले. सगळी जमीन सारखी नसते, हे या भागात मुलांनाही शिकवावे लागत नाही.

विनायकाचे बालपण येथे आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासात गेले. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. गणेशोत्सवात आजोबा चंदन उगाळून त्याची मूर्ती घडवीत आणि मुले त्यांना हातभार लावीत. भक्तिभावाने पुजलेली मूर्ती अखेर पाण्यात सोडायची, याचा त्या मुलाच्या मनावर खोल ठसा उमटला. आईची शिकवण त्याहून रोखठोक होती. झाडाचा फणस उतरला की तो आधी शेजारच्या घरांत पोचवायचा आणि मग घरात वाटायचा. विनोबांनी पुढे आपल्या दानविचाराचे मूळ वारंवार या आईपाशी नेऊन जोडले. त्या फणसाच्या गोष्टीत एक बारकावा आहे. शेजाऱ्यांकडे जायचा तो चांगला गरा, नासका नव्हे.

पुढे कुटुंब बडोद्यास गेले. शाळा-महाविद्यालयात विनायकाचे गणित उत्तम होते, पण पदव्यांविषयी ओढ नव्हती. एके दिवशी त्याने आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत घातली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला उतरला आणि काशीस गेला. तेथे गांधीजींच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयातील भाषणाचा वृत्तान्त त्याच्या वाचनात आला. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. हिमालय आणि क्रांती या दोन्हींच्या शोधात निघालेला विनायक तेथेच थांबला. मध्यंतरी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्याने वेदान्ताचे अध्ययन केले. १९१८ च्या साथीत आई गेली.

एप्रिल १९२१ मध्ये विनोबा वर्ध्याच्या आश्रमाची धुरा घेण्यासाठी आले आणि विदर्भ ही त्यांची कर्मभूमी झाली. येथेही पायाखाली तोच खडक होता. गागोद्याला तांबडी माती देणारा बेसाल्टच वर्ध्यात काळी माती देतो, कारण येथे पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास आहे आणि खडकातील द्रव्ये जागच्या जागी राहतात. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि ती कापूस पिकवते. एका खडकाच्या या दोन माती एका माणसाच्या आयुष्यात आल्या, हा योगायोग खरा. पण त्याचे कौतुक करत बसण्यासारखे विनोबांचे जीवन निवांत नव्हते. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास घडला. ‘गीताई’ १९३०-३१ मध्ये लिहून झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. ऑक्टोबर १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली. हा इतिहास सर्वपरिचित आहे.

मातीशी त्यांचे खरे नाते जडले ते पवनारला. प्रकृती ढासळल्याने १९३८ मध्ये ते धाम नदीकाठी जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहायला आले. रोज थोडे थोडे खोदकाम करणे हा त्यांचा व्यायाम झाला. त्या खोदकामात प्राचीन मूर्ती सापडल्या आणि त्यांतील भरत-राम भेटीचे शिल्प पुढे आश्रमाचे दैवत बनले. १९४६ पासून दीर्घकाळ ते खांद्यावर फावडे टाकून जवळच्या सुरगावला जात आणि तेथील मैला उचलून मातीआड करीत. ब्राह्मण घरात जन्मलेल्या पंडिताने हे काम नित्यनेमाने करावे, हे त्या काळात अनेकांना रुचले नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये वडिलांचे धुळ्यास निधन झाले, तेव्हा अस्थी गोदावरीत सोडण्याची प्रथा मोडून विनोबांनी त्या जमिनीत पुरल्या. १९५० च्या सुमारास पवनारला ऋषिशेतीचा प्रयोग सुरू झाला. बैल नाही, पैसा नाही. केवळ माणसाचे हात आणि कुदळ. विहीरही सहकाऱ्यांनी स्वतः खणली. एक एकर कसायला किती घाम लागतो, हे या प्रयोगातून त्यांना पुरते उमगले होते.

मार्च १९५१ मध्ये ते हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. संमेलनानंतर तेलंगणच्या अशांत भागात फिरताना १८ एप्रिल रोजी ते नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्लीत पोचले. दख्खनचा काळा पाषाण मागे राहिला होता. येथे ग्रॅनाइटचे खडक आणि त्यांवरची लालसर, निकस माती होती. गावातील ४० दलित कुटुंबांनी त्यांच्यापाशी जमीन मागितली. किती, असे विचारता उत्तर आले ८० एकर. त्यांतली ४० ओलिताची आणि ४० कोरडवाहू. मागणाऱ्यांनी नुसता आकडा सांगितला नव्हता, जातही सांगितली होती. माणसाची नव्हे, जमिनीची. विनोबांनी तो प्रश्न सभेपुढे ठेवला आणि रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने १०० एकर देण्याचे जाहीर केले. भूदान यज्ञाला प्रारंभ झाला तो असा.

पुढची तेरा वर्षे विनोबा चालत राहिले. प्रत्येक जमीनधारकाने आपल्याला कुटुंबातला सहावा वाटेकरी मानावे आणि सहावा हिस्सा द्यावा, ही त्यांची मागणी होती. १९५७ पर्यंत पाच कोटी एकरांचे लक्ष्य ठेवले गेले. वृत्तपत्रे रोज नवा आकडा छापत. प्रत्यक्षात सुमारे ४२ लाख एकरांची दानपत्रे मिळाली. लक्ष्याच्या मानाने हे थोडे. पण कायद्याच्या बडग्याशिवाय केवळ मागून एवढी जमीन जगात कोठे मिळाल्याचे उदाहरण नाही.

अडचण आकड्यात नव्हती. दानपत्रावर एकर लिहिले जात. मातीचा कस लिहिला जात नसे. छोटा नागपूरच्या बड्या जमीनदारांनी लाखाच्या घरातील दाने जाहीर केली, पण त्यांत जंगल होते, टेकड्या होत्या आणि वहिवाटीचे वादही होते. ठिकठिकाणी खडकाळ माळ, नदीचे वाळूचे पात्र, कर्जात किंवा खटल्यात अडकलेले तुकडे दानात आले. उलट, दोन एकरांचा धनी असलेला शेतकरी त्यातले काही गुंठे देई, ते बहुधा कसदार असत. मध्य प्रदेशाने १९५३ मध्ये आणि बिहारने १९५४ मध्ये भूदानाचे कायदे केले, तरी मोजणी, वाटप आणि नोंदी रखडल्या. सत्तरच्या दशकापर्यंत एकंदर जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच वाटली गेली होती. उरलेल्यातील मोठा भाग लागवडीस अयोग्य निघाला.

याचा दोष एकट्या विनोबांवर ढकलणे अन्यायाचे होईल. ते रोज नव्या गावी मुक्काम करीत; मागे राहिलेल्या जमिनीचे काम कार्यकर्त्यांचे आणि महसूल खात्याचे होते. तरीही ज्यांनी स्वतः कुदळ चालवली होती, त्यांनी एकराच्या जोडीने मातीची प्रत नोंदवण्याचा आग्रह धरायला हवा होता, हे म्हणणे भाग आहे. आईच्या फणसाचा नियम दात्यांना लावला गेला नाही. भूमिहीनाच्या हाती मुरूम आला की त्याला बैल, बी आणि पाणी यांसाठी सावकाराचेच दार ठोठवावे लागे.

ही उणीव काही सहकाऱ्यांच्या ध्यानात आली होती. ओरिसातील कोरापुट हा असाच वनाच्छादित डोंगरांचा, आदिवासींचा जिल्हा. १९५५ मध्ये विनोबांच्या यात्रेत तेथे शेकडो गावे ग्रामदानात आली, तेव्हा महाराष्ट्रातून गेलेल्या अण्णासाहेब सहस्रबुद्धे यांनी गावांच्या पुनर्रचनेचे काम अंगावर घेतले. पण यात्रेचा वेग आणि बांधबंदिस्तीचा वेग यांचा मेळ बसणे कठीणच होते. यात्रा पुढे गेली.

१९५८ मध्ये विनोबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९५९ मध्ये पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यातील डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. एप्रिल १९६४ मध्ये ते पवनारला परतले. आणीबाणीतील त्यांच्या भूमिकेवरून वादळ उठले आणि जयप्रकाश नारायण यांच्याशी असलेले मतभेदही उघड झाले. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि १५ तारखेला देह ठेवला. धाम नदीकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. पुढील वर्षी भारतरत्न जाहीर झाले.

महाराष्ट्रात भूदानातून मिळालेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आजही भोगवटादार वर्ग दोनची नोंद असते. ती जमीन सहजासहजी विकता येत नाही. कोणाच्या वाट्याला काळी आली आणि कोणाच्या वाट्याला माळ, हे मात्र त्या कागदावरून कळत नाही. त्यासाठी बांधावर जावे लागते. गागोद्यात विनोबांचे जन्मघर स्मारक म्हणून जपले आहे. दरसाल रोहिणीच्या आसपास त्या परिसरात राबाची राख मातीत मिसळली जाते आणि शेतकरी आभाळाकडे पाहू लागतात.