प्लेगची लस आधी स्वतःला टोचणारे हाफकिन साहेब

निजामपुरा (भिवंडी) : सर्पदंशावरच्या लसीमुळे हाफकिन हे नाव शेतकरी बंधूंना ठाऊक आहे. माणूस मात्र फारसा ठाऊक नाही.

वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मले. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत त्यांनी पटकीची लस काढली व १८९२ मध्ये स्वतःला टोचून घेतली.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. लोक गावाकडे पळाले, नि रोगही पांगला. हाफकिन साहेब ग्रँट मेडिकल कॉलेजच्या लहानशा जागेत कामाला लागले. जंतू वाढवायला एरवी गोमांसाचा अर्क लागे. तसली लस इथे कोण टोचून घेणार? त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा अर्क घेतला आणि वर चक्क तूप सोडले. तुपाच्या थेंबाखाली जंतू झपाट्याने वाढत. मग उष्णता देऊन ते मारायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःलाच. नंतर भायखळा तुरुंगातील राजी असलेल्या कैद्यांना. १९२५ पर्यंत मुंबईतून अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या.

पण १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका साहेबांवर आला. बाटली गावातच उघडताना दूषित झाली, हे मान्य व्हायला १९०७ उजाडले. तरी परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही, कलकत्त्याला धाडले. १९२५ ला त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा ते युरोपात होते. तिथेच १९३० मध्ये वारले.