सहावा पुत्र : आचार्य विनोबा भावे

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे छापली जातात. यंदा आम्ही ज्ञातीबाहेरच्या, परंतु शेजारच्याच एका थोर पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. पेण तालुक्यातील गागोदे हे खेडे आपल्या पनवेलपासून फार दूर नाही. तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. तेच पुढे आचार्य विनोबा म्हणून विख्यात झाले.

वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असल्याने विनोबांचे शिक्षण तेथे झाले. बुद्धी तल्लख, गणिताची गोडी विलक्षण. परंतु परीक्षा द्याव्या, नोकरी धरावी व सुखी व्हावे, हे त्यांच्या मनास पटेना. एके दिवशी त्यांनी आईदेखत आपली प्रमाणपत्रे अग्नीत टाकली. आम्ही आमचे शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र आजही लोखंडी पेटीत जपले आहे. त्यावरच आमची मास्तरकी उभी राहिली. तेव्हा त्या कृतीचे अनुकरण करा, असे आम्ही सांगणार नाही. तीमागील निर्भयता मात्र ध्यानी घ्यावी.

१९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेस उतरून काशीस गेला. त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादेस गांधीजींची भेट झाली आणि आयुष्याची दिशा ठरली. १९२१ साली ते वर्ध्याचा आश्रम सांभाळू लागले. सूतकताई, सफाई, अध्ययन हाच त्यांचा संसार. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांचीच निवड केली.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन हरिजनांनी त्यांजपाशी ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी यांनी तत्काळ १०० एकर देऊ केली. तेथून भूदानयात्रा सुरू झाली. जमीनदाराने आपणांस घरचा सहावा पुत्र मानून सहावा हिस्सा द्यावा, एवढेच त्यांचे मागणे. तेरा वर्षांच्या पदयात्रेत ४० लाखांहून अधिक एकरांचे दान पदरी पडले. त्यातील बरीच जमीन नापीक वा वादग्रस्त निघाली, बरीच वाटलीही गेली नाही, हे सत्य लपवू नये. तथापि मागणाऱ्याने स्वतःसाठी गुंठाभरही ठेविली नाही, हेही तितकेच सत्य आहे. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे, अन्नपाणी व औषध सोडून, त्यांनी शांतपणे देह ठेविला. पुढील वर्षी त्यांस मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

हे सारे आज सांगण्याचे कारण काय? १९७० नंतर नवी मुंबईसाठी आपल्या परिसरातील जमिनी गेल्या, मोबदला आला, साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. घरे मोठी झाली आणि सख्खे भाऊ कोर्टाच्या पायरीवर भेटू लागले. आम्ही तरी कोठे निराळे? एका भूखंडापायी धाकट्या बंधूंशी आम्ही नऊ वर्षे अबोला धरिला. गतवर्षी दिवाळीत आम्ही आपण होऊन त्यांच्या दारी गेलो व आमचा हट्ट सोडला. त्या रात्री जी झोप लागली, ती भूखंडाने कधी दिली नव्हती.

ज्ञातिबांधवहो, आपल्या वाटणीपत्रात सहाव्या पुत्रासाठी एक ओळ ठेवावी. मग तो एखादा गरीब विद्यार्थी असो वा निराधार भगिनी. सुख त्या ओळीत सापडते, असा आमचा अल्पसा अनुभव आहे.