वेल्लोरच्या आयडाबाई स्कडर

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत वेल्लोरच्या मिशन दवाखान्याचें नांव ऐकिलें नाहीं असे वाचक थोडेच असतील. परंतु तो ज्या बाईंनीं उभारिला, त्यांच्या मनांत तरुणपणीं डॉक्टर व्हावयाचें मुळींच नव्हतें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून ती आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आयडा सोफाया स्कडर हिचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजीं मद्रास इलाख्यांतील राणीपेट येथें झाला. तिचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे १८१९ सालीं अमेरिकेहून सिलोनांत आलेले वैद्यकीय मिशनरी होते. वडीलहि डॉक्टर व मिशनरीच. १८७६-७८ च्या दुष्काळांत ज्या मुलांच्या अंगीं घास उचलण्याचेंहि बळ उरलें नव्हतें, त्यांच्या तोंडांत ही चिमुकली मुलगी आपल्या हातानें पावाचे तुकडे घालीत असे. वाचकांस वाटेल कीं, तिला तेथेंच प्रभूचें पाचारण झालें. तसें झालें नाहीं. तें दुःख पाहून तिचें मन उलट या देशास विटलें. अमेरिकेंत मूडीसाहेबांनीं स्थापिलेल्या नॉर्थफील्डच्या शाळेंत शिकत असतां, आपण मिशनरी व्हावयाचें नाहीं, असा तिचा निश्चय झाला होता.

१८९० सालीं आईच्या आजारामुळें ती तिंडिवनम येथें आली, ती थोडे दिवस मदत करून परत जाण्यासाठींच. तेथें एका रात्रीं एक ब्राह्मण तरुण दारीं येऊन उभा राहिला. त्याची बायको बाळंतपणांत अडली होती व सुईणीनें हात टेकले होते. आयडेनें सांगितलें कीं, मला यांतलें कांहीं कळत नाहीं. माझे वडील डॉक्टर आहेत, ते येतील. परंतु परपुरुषानें तिला पाहावें हें त्यास मान्य होईना. तो तसाच अंधारांत परत गेला. कांहीं वेळानें एक मुसलमान गृहस्थ आला, आणि त्यानंतर आणखी एक हिंदु. तिघांचें मागणें एकच, आणि अडचणहि एकच. आयडेला रात्रभर झोप लागली नाहीं. सकाळीं गांवांतून प्रेतयात्रेचीं वाद्यें ऐकूं आलीं. नोकरास चौकशीस पाठविलें, तेव्हां कळलें कीं, तिन्ही बायका मरण पावल्या.

या तीन नवऱ्यांस दगडाच्या काळजाचे म्हणण्याची आम्हांस घाई नाहीं. रूढीनें ते बांधलेले होते खरे, तरी मध्यरात्रीं परक्या धर्माच्या लोकांच्या दारीं येण्याइतकी त्यांची माया होती. आणि त्या बंगल्यांत तरी काय कमी होतें? दया होती, प्रार्थना होती. नव्हती ती स्त्रीच्या हातीं विद्या. तरुण मनुष्य परमुलखीं मदतीस जातो, तेव्हां नुसत्या चांगल्या मनानें किती काम होतें व कोठें तें अडतें, हें त्या रात्रीं आयडेला कळून चुकलें. तिनें आईबापांस सांगितलें कीं, मी अमेरिकेस जाऊन डॉक्टर होऊन येतें.

आमच्या आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं ज्या फिलाडेल्फियाच्या कॉलेजांतून पदवी घेतली, त्याच कॉलेजांत आयडाबाई प्रथम शिकल्या. पुढें कॉर्नेल येथें स्त्रियांस प्रवेश मिळूं लागतांच त्या तिकडे गेल्या व १८९९ सालीं डॉक्टर झाल्या. शेल नांवाच्या एका सावकारानें आपल्या मृत पत्नीच्या स्मरणार्थ दिलेले १०,००० डॉलर बरोबर घेऊन त्या १९०० सालीं परत आल्या. आल्यावर थोड्याच महिन्यांत वडील वारले. ज्यांच्या हाताखालीं शिकावयाचें तेच गेले. त्यांनीं बंगल्यांतच लहानसा दवाखाना चालविला आणि दोन वर्षांत सुमारें ५,००० रोगी पाहिले. १९०२ सालीं वेल्लोर येथें ४० खाटांचें इस्पितळ उघडलें.

१९०९ च्या सुमारास एक लहानशी मोटार मिळाली. ती प्रथम पाहून खेड्यांतील लोक पळत सुटत. पुढें तेच लोक रस्त्याच्या कडेला झाडाखालीं आजाऱ्यांस घेऊन वाट पाहत बसूं लागले. गुडियातमच्या वाटेवर ठरलेल्या झाडांखालीं मोटार थांबे, फोड फोडले जात, डोळ्यांत औषध घातलें जाई. ज्यास दवाखान्यापर्यंत पायीं जातां येत नाहीं, त्याच्या दारीं दवाखाना गेला.

पण एका बाईच्या दोन हातांनीं किती होणार? इकडील मुलींनींच डॉक्टर झालें पाहिजे, हें ओळखून त्यांनीं १९१८ सालीं मुलींसाठीं वैद्यकीय शाळा काढिली. सहा अर्ज आले तरी नशीब समजा, असें एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें बजाविलें होतें. अर्ज आले १५१. पहिल्या तुकडीच्या १४ मुली १९२२ सालीं शेवटच्या परीक्षेस बसल्या व सर्वच्या सर्व उत्तीर्ण झाल्या.

१९३८ च्या सुमारास युनिव्हर्सिटीची पदवीच हवी, असा नियम झाला, तेव्हां शाळा बंद पडण्याची वेळ आली. आयडाबाई सत्तरीच्या घरांत होत्या. तरी पैसा जमविण्यासाठीं त्या पुन्हा अमेरिकेंत गांवोगांव फिरल्या. कॉलेजांत पुरुष विद्यार्थी घ्यावे कीं नाहीं, यावरून त्यांचे जुने स्नेही दुरावले. हें दुःख त्यांस द्रव्याच्या चिंतेहून अधिक लागलें असेल, असें आम्हांस वाटतें. १९४७ सालीं पुरुष विद्यार्थ्यांस प्रवेश मिळाला.

१९४६ सालीं कामाचा भार उतरवून त्या कोडाईकनाल येथील डोंगरावरच्या घरीं राहूं लागल्या. वयाच्या ऐंशीच्या सुमारासहि त्या टेनिस खेळत. तेथेंच २४ मे १९६० रोजीं, वयाच्या ८९ व्या वर्षीं, प्रभूनें त्यांस आपल्याकडे बोलाविलें. ज्या देशांत राहावयाचें नाहीं असें एकदां ठरविलें होतें, त्याच देशांत त्यांचा देह ठेविला आहे.