विश्लेषण : गिअर आणि ब्रेक एकाच हबमध्ये… कोण होते एर्न्स्ट झाक्स?

जुनी फ्रेम, भंगारातली चाके आणि हौस यांच्या जोरावर घरीच सायकल बांधणाऱ्यांपुढे एक अडचण हमखास येते. हँडलवर तारांचे जंजाळ नको म्हणून पॅडल उलटे दाबले की लागणारा ‘कोस्टर ब्रेक’ बसवावासा वाटतो. पण चढासाठी गिअरही हवे असतात. दोन्ही एकत्र कसे बसवायचे? शतकाहून अधिक काळापूर्वी जर्मनीतील श्वाइनफुर्ट या गावात एका माजी सायकलपटूच्या कारखान्याने याचे उत्तर दिले. त्याचे नाव एर्न्स्ट झाक्स.

अडचण नेमकी काय?

गिअरच्या सायकलला मागे पाच-सात चकत्या असतात आणि डिरेलर चेन एकीवरून दुसरीवर सरकवतो. त्यासाठी चेन थोडी जास्त लांब ठेवावी लागते. ही ढील खालच्या बाजूला स्प्रिंग लावलेला हात ओढून धरतो. कोस्टर ब्रेकसाठी पॅडल उलटे दाबले की ताण नेमका या खालच्या बाजूवरच येतो. मग आधी ढील खेचली जाते, डिरेलर वाकतो किंवा तुटतो आणि ब्रेक काही लागत नाही. म्हणून चेन एकाच चकतीवर, ताणून बसलेली हवी आणि गिअर हबच्या पोटात हवेत.

झाक्स या धंद्यात कसे आले?

त्यांचा जन्म 22 नोव्हेंबर 1867 चा, कॉन्स्टान्त्सचा. ते शिकले अवजारे घडवण्याचे काम, पण वेड सायकल शर्यतींचे. फ्रँकफर्टमध्ये असताना त्यांनी उंच चाकाच्या सायकलीवर नाव कमावले. अपघातामुळे शर्यती सुटल्या आणि 1894 मध्ये ते श्वाइनफुर्टला आले. हे गाव निवडण्यामागे कारण होते. पोलादी छर्रे एकसारखे गोल घासण्याचे यंत्र फ्रीडरिश फिशर यांनी 1883 मध्ये याच गावात तयार केले होते. छर्रे सारखे नसतील तर बेअरिंग अडखळते आणि चाक जड चालते, हे शर्यतपटूला वेगळे सांगावे लागत नाही.

त्याच वर्षी झाक्स यांनी छर्ऱ्यांच्या हबचे पेटंट घेतले. छर्ऱ्यांच्या धंद्यातलेच कारखानदार विल्हेल्म होप्फलिंगर यांची मुलगी बेटी हिच्याशी त्यांचे लग्न झाले. 1 ऑगस्ट 1895 रोजी कार्ल फिश्टेल यांच्यासोबत त्यांनी ‘फिश्टेल अँड झाक्स’ सुरू केली. फिश्टेल व्यापार पाहत, झाक्स यंत्रे. अशी जोडी जमली की कारखाना चालतो. इथे तो धावला.

‘टॉर्पेडो’ने काय बदलले?

तेव्हाच्या बहुतेक सायकलींत चाक फिरले की पॅडलही फिरे. उतारावर पाय उचलून धरावे लागत. फ्रीव्हीलमुळे पाय मोकळे झाले, पण पायांनी वेग रोखण्याची सोय गेली. पुढच्या टायरवर घासणारा ब्रेक टायरच खाई. अमेरिकेत कोस्टर ब्रेक आधीच आले होते. झाक्स यांचा 1903 चा ‘टॉर्पेडो’ हब मात्र टिकाऊपणामुळे गाजला. पुढे दाबले की आतले रोळ घट्ट अडकून चाक फिरवतात. पाय थांबवला की मोकळे होतात. उलटे दाबले की एक शंकू आतल्या नळीत घुसून तिला फुगवतो आणि ती हबच्या भिंतीवर घासते.

पुढच्या काही वर्षांत ‘डॉपेल टॉर्पेडो’ आला : दोन गिअर आणि कोस्टर ब्रेक, दोन्ही एकाच हबमध्ये. वरवर सोपे वाटणारे हे काम किचकट आहे. ब्रेकचा जोर गिअरच्या दात्यांतून जाऊ दिला तर गिअर निसटताच ब्रेकही जातो. काही जुन्या थ्री-स्पीड हबमध्ये तार सैल झाली की हेच व्हायचे, तेही उतारावर! घरी जुना हब बसवणाऱ्यांनी हे आधी तपासावे. हबचा ब्रेकचा दांडा फ्रेमला पक्का आवळावा, ढील चाक मागे ओढून काढावी आणि पुढे वेगळा ब्रेक ठेवावाच. चेन उतरली तर कोस्टर ब्रेक शून्य.

पुढे काय झाले?

1911 मध्ये फिश्टेल गेले. 1929 मध्ये झाक्स यांनी बेअरिंगचा विभाग स्वीडनच्या ‘एसकेएफ’ला विकला, हब मात्र स्वतःकडे ठेवले. (याच ‘एसकेएफ’चा कारखाना आपल्या चिंचवडलाही आहे.) दुचाकींसाठी छोटी इंजिनेही त्यांनी काढली. 2 जुलै 1932 रोजी श्वाइनफुर्टमध्येच त्यांचे निधन झाले. बेअरिंगच्या कारखान्यांमुळे 1943 मध्ये याच गावावर अमेरिकी विमानांनी बॉम्बवर्षाव केला.

तार न लावता, पॅडलला किंचित उलटा झटका दिला की गिअर बदलणारा ‘ड्युओमॅटिक’ हब त्यांच्या कंपनीने 1960 च्या दशकात आणला. तो झाक्स यांनी पाहिला नाही. हौशी मंडळी तो आजही जुन्या बाजारात शोधत फिरतात. गावासाठी झाक्स यांनी दिलेल्या स्नानगृहाच्या इमारतीत 2009 पासून कलादालन आहे.