महामार्गांचा अनभिषिक्त सम्राट

न्यूयॉर्कभोवती पूल आणि द्रुतगती महामार्गांचे जाळे विणणाऱ्या रॉबर्ट मोझेस यांना मोटार चालवता येत नव्हती. आयुष्यभर ते मागच्या आसनावर बसूनच फिरले. वाहतूक कोंडीत अडकले तरी तेथे त्यांचे कामकाज सुरूच असे!

१८८८ मध्ये न्यू हेवन येथे जन्मलेल्या मोझेस यांचे शिक्षण येल, ऑक्सफर्ड व कोलंबिया विद्यापीठांत झाले. १९३४ मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत ते सपशेल पराभूत झाले. मात्र नेमणुकीने मिळालेली अनेक पदे त्यांनी एकाच वेळी भूषवली. १९३६ मध्ये ट्रायबरो पूल खुला झाला आणि टोलचा पैसा त्यांच्या प्राधिकरणाच्या तिजोरीत पडू लागला. महापौर बदलत राहिले, मोझेस कायम राहिले.

उद्याने, पोहण्याचे तलाव आणि जोन्स बीचची रम्य चौपाटी यांचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. पण त्या चौपाटीकडे जाणाऱ्या पार्कवेवर बसगाड्यांना मज्जाव होता. लाँग आयलंड महामार्गाच्या मध्यभागी रेल्वेसाठी पट्टा राखण्याची सूचनाही त्यांनी धुडकावली. ज्याच्याकडे मोटार नाही, असा माणूस त्यांच्या नकाशात जणू नव्हताच.

याची सर्वांत जबर किंमत ब्राँक्सने मोजली. क्रॉस ब्राँक्स महामार्गाच्या ईस्ट ट्रेमाँट वस्तीतील जेमतेम मैलभर टप्प्यासाठी दीड हजारांहून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली. जवळूनच पर्यायी मार्ग सुचवण्यात आला होता, तो मोझेस यांनी मानला नाही. वॉशिंग्टन स्क्वेअर उद्यानातून रस्ता नेण्याचा त्यांचा बेत मात्र परिसरातील महिलांनी हाणून पाडला. त्या लढ्यात जेन जेकब्सही होत्या. १९५८ मध्ये उद्यान मोटारींना बंद झाले.

दूरच्या पोर्टलंडनेही १९४३ मध्ये मोझेस यांच्याकडून विकास आराखडा करून घेतला होता. ज्याची मुळे त्या आराखड्यापर्यंत जातात, तो माउंट हूड महामार्ग शहराने १९७४ मध्ये नाकारला. वाचलेल्या निधीचा काही भाग हलक्या रेल्वेकडे वळवण्यात आला. १९८६ मध्ये ती धावू लागली.

१९६८ मध्ये मोझेस यांचे प्राधिकरण महानगर वाहतूक प्राधिकरणात विलीन झाले आणि टोलची शिल्लक भुयारी रेल्वेकडे वळली. मोझेस यांची सत्ता तिथेच संपली. १९८१ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२५ मध्ये मध्यवर्ती मॅनहॅटनमध्ये येणाऱ्या मोटारींवर गर्दीशुल्क लागू झाले, तेही सार्वजनिक वाहतुकीच्या सुधारणेसाठी. ते वसूल करण्याचे काम आले ते मोझेस यांच्याच जुन्या ट्रायबरो प्राधिकरणाकडे.